बाईसाहेबांचं दूध

जावई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आणि धर्म आणि विज्ञान यांचं कसं काही एक भांडण नाही यावर संध्याकाळची व्याख्यानं द्यायचा. चांगली द्यायचा हो. बोलण्यात आवेश, अधूनमधून एखादा विनोद, पुढच्या रांगेत माना डोलावणारी निवृत्त मंडळी. प्रयोगशाळा आणि नमाजाची चटई एकाच घरात कशा सुखाने नांदतात हे तो इतकं पटवून सांगायचा की लोक घरी जाताना त्याचा हात हातात घ्यायचे. आता गंमत बघा. ज्या दिवशी हा प्रश्न खुद्द त्याच्या घरात येऊन उभा राहिला, त्या दिवशी या गृहस्थाच्या तोंडून शब्द फुटेना. आणि विचारायचं तरी कुणाला होतं? सासऱ्यांना. जे त्याच्या शेजारी, त्याच बाकावर बसलेले होते.

बाक हॉस्पिटलातल्या नवजात विभागाबाहेरचा. आत, काचेच्या पेटीत, त्याची मुलगी. बायकोचं ब्लडप्रेशर सातव्या महिन्यातच असं काही चढलं की डॉक्टरांनी वाट बघितली नाही, मुलीला बाहेर काढलं. मूल तळहातापेक्षा थोडं मोठं, पण आवाज असा खणखणीत की नर्सबायांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. पेटीचं दार उघडलं की तक्रार, बंद केलं की तक्रार. त्या आवाजाचाच काय तो सगळ्यांना आधार होता, कारण बाकी बघावं तिकडे नळ्या होत्या.

बाईसाहेबांच्या पोटात दूध जायला हवं होतं. डॉक्टरबाईंनी ते सरळ सांगितलं. सलाईनवर फार दिवस काढता येत नाहीत. आईचं दूध सगळ्यात चांगलं, पण आई वरच्या वॉर्डात निपचित पडलेली, तिला थेंबभरही येईना. डब्यातली पावडर देता येते, पण इतक्या कच्च्या आतड्याला ती सोसेलच असं नाही. आतडं सुजलं तर मग आपल्या हातात फारसं काही राहत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यापेक्षा तळमजल्यावर दूधपेढी आहे. इतर आयांनी दिलेलं दूध तिथे तपासतात, गरम पाण्यात ठेवून जंतू मारतात आणि गोठवून ठेवतात. तुम्ही दोघं हो म्हणा, की लगेच सुरू करू.

जावयाने सही करायला खिशातून पेन काढलंसुद्धा. पण बायकोने उशीवरून मान हलवली. आधी अब्बांना विचार, म्हणाली.

तिचंही चुकीचं नव्हतं. ती ज्या घरात वाढली तिथे दूध ही साधी गोष्ट नव्हती. मूल जिचं दूध पितं ती त्याची आई होते. दुधाची आई, पण आईच. तिची पोरं त्याची भावंडं होतात, आणि भावंडांचं एकमेकांशी लग्न होत नाही. हा कायदा जुना आणि पक्का. आता पेढीत चार जणींचं दूध एका भांड्यात ओततात, कुणाचं ते कुणाला सांगत नाहीत. मग उद्या या मुलीचा भाऊ कोण आणि परका कोण, हे कळणार कसं? यावर आजच्या मोठमोठ्या जाणकारांची सरळ दोन टोकं झालेली. एक म्हणतात दूधपेढी नकोच, दुसरे म्हणतात खुशाल घ्या. आणि अब्बा म्हणजे कोण, तर उभं आयुष्य मदरशात हाच कायदा शिकवलेले मौलाना. लोक लांबून त्यांना विचारायला यायचे. त्यांची लेक त्यांना न विचारता हो म्हणेल, हे शक्यच नव्हतं.

आणि अब्बा काय म्हणतील हे जावयाला अगदी पाठ होतं. म्हणजे, त्याला तसं वाटत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेला तेव्हा त्याने पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकच विषय लावून धरला होता: नवा महिना चंद्र डोळ्यांनी बघून कशाला ठरवायचा, गणिताने आधीच ठरवता येतो. मौलानांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, अजून थोडं वाढू का? जावयाने त्याचा अर्थ राग असा घेतला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी इतकं जपून बोलायचे की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. मौलाना त्याला अहोजाहो करायचे. तो त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा. संपलं.

तर याने काय ठरवलं, की नुसतं विचारायला जायचं नाही, तयारीनिशी जायचं. रसायनशास्त्राचा माणूस शेवटी. अमक्या परिषदेने परवानगी दिली तो निर्णय काढला. तमक्या अकादमीने मनाई केली तो काढला, त्यातल्या कच्च्या जागा शोधल्या. कच्च्या आतड्यांवरचे संशोधनाचे निबंध छापून घेतले. रंगीत पेनने खुणा केल्या. एका जाणत्याचं मत असं सापडलं की दूध नळीने पोटात सोडलं, बाळाने अंगावर ओढून प्यायलं नाही, तर नातं लागतच नाही. ते वाचून त्याला इतका आनंद झाला की त्याने ते दोनदा छापलं. आणि या सगळ्यात एक दिवस गेला, मग दुसरा अर्धा गेला. मधल्या वेळात दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून लिफ्ट बंद पडल्याबद्दल बोलले, कॅन्टीनच्या चहाबद्दल बोलले. आत बाईसाहेबांचा आवाज थोडा बारीक झाला होता. ते दोघांनाही ऐकू येत होतं, आणि दोघंही मूग गिळून बसले होते.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. आता थांबता येणार नाही, म्हणाल्या. काय ते ठरवा, नाहीतर संध्याकाळी नाइलाजाने पावडर सुरू करावी लागेल.

जावयाने फाईल मांडीवर घेतली, घसा साफ केला आणि काय सांगू, त्या बाकावर बसून व्याख्यान सुरू केलं. एक मत असं आहे, दुसरं मत तसं आहे, आधुनिक काळात या प्रश्नाकडे बघण्याचे तीन दृष्टिकोन संभवतात. मौलाना ऐकत होते. तिसऱ्या दृष्टिकोनापाशी त्यांनी फाईलवर हात ठेवला.

"मूल उपाशी आहे का?" त्यांनी विचारलं.

सलाईन चालू आहे, असं जावई म्हणाला.

"मी पोटाचं विचारतोय."

जावयाने मान खाली घातली आणि हो म्हणाला. जन्मल्यापासून, म्हणाला.

मौलाना त्याच्याकडे वळले. "आणि तू दोन दिवस मी काय म्हणेन याचा अभ्यास करत होतास? मी इथेच बसलो होतो रे."

ते त्याला पहिल्यांदाच तू म्हणाले होते. जावयाला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यापेक्षा खरोखर मारलं असतं तरी चाललं असतं. बाकावरून उठावं की तिथेच जमिनीत जावं, त्याला कळेना. पण म्हातारा तिथे थांबला नाही. तो स्वतःवरही तितकाच चिडला होता. बायकोकडून त्याच्या कानावर सगळं आलं होतं, पण त्याला वाटलं, जावई विज्ञानाचा माणूस, मूल त्याचं, हॉस्पिटल डॉक्टरांचं. आपण तोंड उघडलं तर म्हणतील, आला मौलाना मध्ये पाय घालायला. दाढी बघून लोकांचे चेहरे कसे मिटतात ते त्याने बघितलेलं होतं. म्हणून तोही वाट बघत बसला, कुणीतरी विचारेल म्हणून. दोन शिकलेली माणसं एकमेकांच्या विद्येला घाबरून बसली, आणि त्यापायी पोर उपाशी राहिली, असं तो म्हणाला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि डॉक्टरबाईंच्या खोलीकडे निघाला. जावई फाईल बाकावर टाकून मागे धावला.

डॉक्टरबाईंना वाटलं, आता वाद होणार. त्यांनी तसे पुष्कळ पाहिले होते. पण मौलानांनी आधी एवढंच सांगितलं की जीव पहिला, बाकी सगळं नंतर. जे दूध असेल ते द्या, माझ्यासाठी एक मिनिट थांबू नका. मग म्हणाले, तुमची हरकत नसेल तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आणि समोरच्या खुर्चीत विद्यार्थ्यासारखे बसले. नळीने पोटात गेलेलं दूध अंगावर प्यायल्यासारखंच अंगी लागतं का? लागतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. तापवलं तरी? रोगाशी लढणारं काही त्यातून कमी होतं, पण पोषण राहतं. आणि ते लागलं हे तुम्हाला कळतं कसं? रोज वजन करतो, डोक्याचा घेर मोजतो, लांबी मोजतो. मौलाना मान डोलावत होते. जावयाला एकदम लक्षात आलं की हा माणूस कुणालाही उत्तर देण्याआधी असंच विचारत आला असणार. रोज्यात इन्सुलिन चालेल का, ऑपरेशनच्या आधी नमाज कसा पढायचा, असले सगळे प्रश्न घेऊन तो आधी डॉक्टरांच्या दारात जाऊन बसला असणार. हे याला कधी कळलंच नाही, कारण याने कधी विचारलंच नाही.

"मग नातं लागतं," मौलाना म्हणाले.

जावई घाईघाईने पुढे झाला. नळीने दिलं तर लागत नाही असंही मत आहे अब्बा, म्हणाला, मोठ्या माणसाचं आहे, ते धरलं तर काही अडचणच उरत नाही.

"आहे ना ते मत. मी त्याला चूक म्हणणार नाही," मौलाना म्हणाले. "ज्याला दुसरी वाट नाही त्याच्यासाठी ती वाट आहे, आणि आज वेळ आलीच तर मीही त्याच वाटेने जाईन. पण जुन्यांनी एक खूण सांगून ठेवलीय. ज्या दुधाने हाड वाढतं, मांस धरतं, त्या दुधाने नातं लागतं. आता हाड वाढलं की नाही हे मला कोण सांगणार? या बाई सांगणार. कायदा माझ्या पुस्तकातला, साक्ष यांच्या काट्यावरची. साक्ष समोर आल्यावर मी कानात बोटं घालू? आणि लागलं नातं तर लागू दे की. तू त्यातून सुटायला एवढा का धडपडतोयस? कुणीतरी आपल्या पोरीला जगवतंय, तिचं काहीच लागू नये?"

जावयाने एवढी व्याख्यानं दिली, पण त्यात आभार मानायची बाजू कुठे आलीच नव्हती.

मौलानांची मागणी एवढीच होती: जमलं तर एकाच बाईचं दूध द्या, आणि ती कोण ते आम्हाला कळू द्या. डॉक्टरबाईंनी जरा विचार केला. एकीचं दूध ही अडचण नाही, म्हणाल्या. पेढीत एक बाई येते, तिला इतकं येतं की तिच्या बाटल्यांचा कप्पाच वेगळा आहे. नावाचं मात्र तिला विचारावं लागेल, आणि मी तिला गळ घालणार नाही. तिचं मूल याच विभागात गेलं. मुलगा होता. मूल गेलं, पण दूध थांबेना, तेव्हा ती खाली येऊन विचारू लागली की याचं काय करू. तेव्हापासून येते. मग जावयाने पेन काढलं, आणि मौलाना जिना चढून लेकीला सांगायला गेले.

त्याच दुपारी बाईसाहेबांना दूध मिळालं. मिळालं म्हणजे किती, तर चहाच्या चमच्याच्या तळाशी राहील एवढं. नर्सने बारीक नळीच्या वरच्या टोकाला सिरिंज धरली आणि दूध आपल्या आपण उतरू दिलं. जावई काचेला नाक लावून बघत होता. पोट फुगलं नाही. पुढच्या वेळी नळीतून मागे ओढून पाहिलं, तर दूध शिल्लक नव्हतं. बाईसाहेबांनी सगळं जिरवलं होतं. नर्सने आतून अंगठा वर केला, तेव्हा हा जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून घळाघळा रडला. वर मौलानांनी बातमी ऐकली आणि अल्हम्दुलिल्लाह म्हणून लेकीच्या पलंगाच्या कडेलाच बसले.

लेक मात्र तोंड फिरवून पडली होती. तिला आनंद झाला होता, आणि आनंदाच्या पोटात दुःख होतं. मी काय नावाची आई, म्हणाली. मौलानांनी तिचे केस सारखे केले. तुझ्या वाट्यातलं काढून कुणाला दिलेलं नाही, त्यांनी सांगितलं. आपल्या कायद्यानेच पोरीला दोन आया ठेवायची सोय करून ठेवलीय, ती काही उगाच नाही. तू बरी हो, तुझंही येईल. आणि आलंही, चार दिवसांनी, थेंब थेंब. तोवर खालच्या कप्प्यातल्या बाटल्या एकेक करून वर येत राहिल्या. काटा आधी खाली गेला, मग थांबला, मग वर चढायला लागला. डॉक्टरबाई रोज आकडा सांगायच्या आणि मौलाना तो लेकीला वर जाऊन सांगायचे. बाईसाहेबांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. जावयाला रोज सकाळी तो आवाज जिन्यातून ऐकू यायचा, आणि रोज त्याच्या जिवात नव्याने जीव यायचा.

वजन जन्मावेळच्या आकड्याच्या वर गेलं त्या आठवड्यात ती बाई भेटायला तयार झाली. शाळेची बस चालवायची. दुपारी, मुलांना शाळेत सोडणं आणि परत घ्यायला जाणं यांच्या मधल्या वेळात आली. उंच, रुंद हाताची, बोटात किल्ल्यांचा जुडगा. तिचा धर्म वेगळा होता. त्याने काही अडत नाही, हे मौलानांनी डॉक्टरबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. ती आली ती सावधच. तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय, तिने विचारलं. काही नको, मौलाना म्हणाले, आम्हीच तुझं देणं लागतो. मग त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं: आमच्या कायद्याने ही पोर तुझी दुधाची मुलगी. उद्या तुला मुलं झाली तर ती हिची सख्ख्यासारखी भावंडं. ती तुला आई म्हणेल. तुझ्या घरी तिचं येणंजाणं आपल्या माणसासारखं. तू नको म्हणालीस तरी हे नातं मला मोडता येत नाही, फक्त तुला त्रास द्यायचा नाही एवढं हातात आहे.

जावयाने आभार मानायला तोंड उघडलं आणि त्याला पुढचं वाक्यच आठवेना. बोलण्यावर पोट भरणारा माणूस, नुसता हात जोडून उभा राहिला.

मौलाना तिला आत चल म्हणाले, तेव्हा ती दारापाशी थबकली. "आत फक्त आईबापांना सोडतात. मला माहितीय," ती म्हणाली.

"मग चल ना," मौलाना म्हणाले.

डॉक्टरबाईंनी दार उघडून धरलं. तिने किल्ल्या जावयाच्या हातात दिल्या आणि नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, साबण दोनदा लावून. कसे धुवायचे ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. आत पेटीशेजारी जावयाची बायको चाकाच्या खुर्चीत बसली होती. तिने आपली खुर्ची मागे घेतली आणि हिला जागा करून दिली. बाईसाहेब झोपल्या होत्या, एकदाच्या. बाई वाकून बघत राहिली, इतका वेळ की नर्सनेही घड्याळ बघायचं सोडून दिलं.

"मौलाना, एक विचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "पोरांना बसपाशी सोडायला येणाऱ्या आया विचारतात, तुम्हाला मुलं किती. मी रेडिओचा आवाज मोठा करते. आता कुणी विचारलं तर हिला मोजू का? तुमच्या कायद्यात बसत असेल तरच सांगा."

मौलाना डॉक्टरबाईंकडे वळले. या पोरीच्या अंगावर जे मांस चढलंय ते कुणाच्या दुधाचं, त्यांनी विचारलं. थोडं आता तिच्या आईचं, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण बहुतेक सगळं यांचंच. खात्रीने? खात्रीने.

"मग दोन सांगायची," मौलाना तिला म्हणाले. "एक तुझा मुलगा आणि एक ही. जो गेला तोही मोजायचा असतो, पोरी. त्याला सोडून मोजलंस तर ते चूक होईल."

तिने वर पाहिलं. "दोन," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, आणि जावयाच्या बायकोने तिच्याकडे सरकवलेल्या स्टुलावर बसली.